न सरणारी मिश्री

डोंगराच्या कुशीत शेवंतीचा एक मळा होता. कुठे पिवळाधमक, कुठे पांढराशुभ्र, मधूनच जांभळा. सकाळी पाकळ्यापाकळ्यांवर दवाचे इवले मणी लुकलुकायचे. बघणाऱ्याला वाटे, काय मजा असेल इथे राहणाऱ्यांची! डोंबलाची मजा. तिथल्या झोपडीत राहायची सोनकी नावाची चिमुरडी आणि तिची आई हौसाबाई. मळा परक्याचा, यांच्या वाट्याला नुसती तोडणी. टोपल्या भरता भरता सोनकीची नाजूक बोटं हिरवी व्हायची, पाठ भरून यायची, आणि तरी काम काही सरायचं नाही.

त्यात आईची मिश्री. मिश्री म्हणजे तव्यावर काळा भाजून कुटलेला तंबाखू. हौसाबाई तो डबीत ठेवायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. आधी नुसती सकाळी उठल्यावर. मग जेवणानंतर. मग फुलं तोडता तोडता. डबी रिकामी झाली की तिचं डोकं भणभणायचं, ती पोरीवर खेकसायची, आणि सोनकी बिचारी खोकत खोकत चुलीवर तवा ठेवायची. हल्ली आईच्या तोंडात फोड आले होते. घास गिळताना तिचे डोळे भरून यायचे. सोनकीनं विचारलं तर म्हणायची, काही नाही गं, सवय आहे नुसती. सोनकीला फार भीती वाटायची. आईला काही झालं तर तिला दुसरं होतं कोण?

एका सकाळी फुलांच्या ताटव्यात तिला परी दिसली. बोटाएवढीशी, चंदेरी झग्याची, पण पंख दवानं भिजून जड झालेले. बिचारी एका फुलावर मान टाकून बसली होती. सोनकीनं काही मागितलं नाही.

"दमलीस का गं?" तिनं विचारलं, आणि परकराच्या टोकानं परीचे पंख हळूच टिपून दिले.

परीला भरूनच आलं. म्हणाली, येतो तो मागायला येतो, दमलीस का म्हणून विचारणारी तूच पहिली. तिनं खूश होऊन सोनकीला दोन इच्छा दिल्या आणि नियमही सांगितले. माणसाच्या मनात मी हात घालत नाही. आणि दिलेली वस्तू परत घ्यायची, तर ती ज्याच्या हातात असेल त्यानंच आपणहून द्यायला हवी.

सोनकी पडली भोळी. तिला वाटलं, डबी रिकामी झाली की आई चिडते, मग डबी रिकामीच होऊ नये. तिनं तेच मागितलं.

झालं! आगीत तेल ओतल्यासारखंच झालं. डबी सरेना आणि आईचं बोट तोंडातून निघेना. फुलं झाडावरच सुकू लागली. आई भाकरीचं ताट बाजूला सारायची. हसणं गेलं, बोलणं गेलं. सोनकी तिला चिकटून बसायची, तरी आई तिथे नसायची.

रडत रडत सोनकी परीकडे गेली. मीच आईचं वाईट केलं, म्हणाली. परीनं तिच्या गालावर आपला चिमुकला हात ठेवला.

"तू मायेनं मागितलंस, बाळ. आता आईला एवढंच सांग, ऊन डोक्यावर येईपर्यंत डबी इथे फुलांत राहू दे. नुसती सवय असेल तर आई थांबू शकेल. व्यसन असेल तर ते तिला थांबू देणार नाही."

सोनकीनं जाऊन हे सांगितलं, तर आईनं ते हसण्यावारी नेलं. त्यात काय मोठंसं, म्हणत तिनं डबी फुलांत ठेवली आणि कामाला लागली. थोड्या वेळानं ती फुलं सोडून पानंच खुडायला लागली. भरलेली टोपली लवंडली. मग तिला काही सुचेना आणि ती ताटव्याकडे धावत सुटली. ऊन अजून चढलं नाही गं, असं म्हणत सोनकी आडवी आली. हौसाबाईनं तिच्यावर हात उगारला.

तो हात तसाच वर राहिला. आजवर तिनं लेकीला कधी मारलं नव्हतं. तिनं तो हळूहळू खाली घेतला.

"ही सवय नाही, सोनकी," ती म्हणाली. "सवयीपायी कुणी आपल्या लेकरावर हात उगारतं का? मला व्यसन लागलंय."

तेवढ्यात फुलातून परी वर आली. हौसाबाईनं डबी उचलली. तिची बोटं डबी सोडायला तयार नव्हती, तिनं ती एकेक करून सोडवली आणि डबी परीपुढे ठेवली. सोनकीनं उरलेली इच्छा मागितली, आईचं तोंड बरं होऊ दे.

"फोड आत्ता बरे करते," परी म्हणाली. "तलफ मात्र येत राहील. ती तुम्हालाच बघावी लागेल."

सोनेरी, गुलाबी, मोतिया उजेडाचा एक लोट उठला. सगळा मळा झळाळून गेला, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती, डबीही नव्हती.

रात्री तलफ आलीच. हौसाबाई घरभर येरझाऱ्या घालू लागली. सोनकी डोळे चोळत उठली, आईचा हात धरून बसली. बऱ्याच वेळानं आईचा श्वास संथ झाला.

"गेली?" सोनकीनं विचारलं.

"गेली. उद्या परत येईल."

सोनकीचा चेहरा एवढासा झाला. आईनं तिला ओढून मांडीवर घेतलं.

"येऊ दे. मी बघते तिच्याकडे. तू झोप आता, किती दमलीस गं."

आणि सोनकी झोपली.