काळी तार

"पण वस्ताद, करंट तर येतोय की! मग दिवे लुकलुकतात कशानं?"

बाळगोंडानं हे पुन्हा पुन्हा विचारलं. सातप्पा वस्ताद मात्र अंगणातल्या बाजेवर बसून शेंगा फोडत होते. एके काळी गडहिंग्लजच्या निम्म्या गाड्यांचं वायरिंग त्यांच्या हातून गेलेलं. आता पाठ साथ देत नव्हती, म्हणून काम सोडलं होतं.

दारात डॉक्टरीणबाईंची मोटार उभी होती. इंजिन चालू होतं आणि स्टिअरिंगमागचे मीटरचे दिवे लुकलुकत होते. बाईंना घाटातल्या गावांत बाळंतपणाला जावं लागे. परवा ऐन वळणावर मीटर अंधारलं, म्हणून आज सकाळी त्या चिडून म्हणाल्या होत्या, "आज दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर गाडी कोल्हापूरला नेते."

गाडी कोल्हापूरला गेली, की बाळगोंडाचं नाव गावभर झालं म्हणून समजा.

"काय काय बदललंस?"

"बल्ब बदलले. फ्यूज बदलला. बटण बदललं... शेवटी आख्खं मीटरच नवीन घातलं."

"मग?"

"लुकलुकतंयच."

"बाकी मीटर झ्याक दिसतंय," वस्ताद म्हणाले.

बाळगोंडाचे कान तापले. तालुक्यात गाड्यांच्या वायरिंगचं त्याच्याएवढं मोठं दुकान कुणाचं नव्हतं. 'कुणाच्या हाताखाली शिकलास?' असं कुणी विचारलं, की 'आपलं आपणच' म्हणून तो मोकळा व्हायचा. दुकान थाटल्यापासून वस्तादांची पायरी तो चढला नव्हता. आज चढला तो अडला म्हणून. 'अडला हरी' म्हणावं, तर त्या म्हणीचा पुढचा भाग इथं उच्चारायची सोय नव्हती.

"तपासलंस कशानं?"

बाळगोंडानं खिशातून टेस्ट लॅम्प काढला. एक छोटा बल्ब, त्याला दोन तारा. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला सुई.

वस्तादांचा हात शेंगांवरच थांबला.

"अजून ठेवलाईस व्हय रं?"

"तुम्हीच करून दिला होता. मी दुकान काढलं तेव्हा."



वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. "दाव कसं बघितलंस ते."

बाळगोंडानं चिमटा दाराच्या उघड्या बोल्टला लावला आणि मीटरकडे येणाऱ्या तारेला सुई टेकवली. बल्ब लख्ख पेटला. जरासुद्धा हलला नाही.

"बघा! येतोय का नाही?"

"येतोय की," वस्ताद म्हणाले. "...जातोय का?"



वस्तादांनी त्याच्या हातातला दिवा घेतला आणि उलटा लावला. चिमटा फ्यूजपाशी, करंट असलेल्या जागी. सुई मीटरमधून बाहेर जाणाऱ्या काळ्या तारेवर.

बल्ब पेटला. मंदावला. पुन्हा पेटला. मीटरचे दिवेही त्याच्याबरोबर तसेच लुकलुकले.

बाळगोंडा डॅशबोर्डखाली आडवा झाला. आलेला करंट माघारी जातो तो याच काळ्या तारेनं, आणि ती तार गाडीच्या पत्र्याला एका बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट सैल होता. खाली गंजाची खपली धरली होती. येणाऱ्या तारा त्यानं एकूण एक तपासल्या होत्या, जाणारीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्यानं गंज खरवडला आणि तार अंगठ्यानं पत्र्यावर दाबून धरली.

दिवे स्थिर झाले.

डॅशबोर्डखालीच त्याचे डोळे भरून आले. किती सोपं होतं! आणि हे दाखवणारा माणूस दोन गल्ल्यांपलीकडे राहत होता, त्याच्याच हातचा दिवा खिशात घेऊन आपण गावभर हिंडत होतो. तो बाहेर आला आणि त्यानं वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वस्ताद, मी लोकांना सांगत आलो की मी आपलं आपणच..."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं ऱ्हायलंय?" वस्ताद हसले आणि त्यांनी मूठभर शेंगा त्याच्या हातात कोंबल्या.

त्या हसण्यात राग शोधूनही सापडेना. त्यानं बाळगोंडाला आणखीनच भरून आलं.

"तुमचे लई उपकार हायत माझ्यावर," तो म्हणाला. "आता येत जाईन, वस्ताद. सवड काढून... अधनंमधनं."

वस्तादांनी खाली पडलेला पाना उचलला, त्याच्यापुढं धरला आणि त्या सैल बोल्टाकडे बोट दाखवलं.

"अधनंमधनं टेकतंय, म्हणूनच लुकलुकतंय, बाळगोंडा."