हवालदार मगदुमांची वीरगळ

“ह्यो कोण?”

इराप्पा पाथरवटानं कामाच्या मांडवातल्या दगडावर हात ठेवून विचारलं. ऐंशी उलटलेल्या म्हाताऱ्याला आता धूसर दिसायचं. तो बोटांनी बघायचा.

विश्वजितच्या कपाळाला आठी पडली. कला महाविद्यालयाचं सुवर्णपदक घेऊन तो दोन वर्षांपूर्वी या म्हाताऱ्याकडे दगड शिकायला आला होता, आणि ही त्याची पहिली स्वतंत्र वीरगळ होती. गावच्या वेशीवर उभी राहणार होती. अनावरणाला मंत्री येणार होते.

“हवालदार जोतिराम मगदूम. खाली नाव कोरलंय की, आप्पा.”

म्हाताऱ्याची बोटं सरकत गेली. पीळ दिलेली मिशी. रोखलेली बंदूक. बुटाखाली आडवी पडलेली दोन माणसं.

“ही दोघं?”

“शत्रू.”

“जोतिराम गेला कसा?”

“सरहद्दीवर बर्फातला रस्ता मोकळा करत होते. दरड आली. बरोबरच्या पोरांना बाजूला ढकललं, आणि स्वतः...”

“मग ह्या दोघांस्नी मारलं कुणी?”

विश्वजित छिन्नीचं टोक पुसू लागला.

“तू मारलंस व्हय रे?”

“स्मारक समितीनं सांगितलं, आप्पा. नुसतं दरडीखाली गेले म्हटलं तर शोभत नाही म्हणाले.”

“कुणाला शोभत न्हाई?”

समितीतल्या एकानंही उभ्या जन्मात फावडं धरलेलं नव्हतं, हे विश्वजितला ठाऊक होतं. पण वीरगळीवर झुंज असायचीच, आणि झुंज कोरताना त्याचा हातही काय सुरेख चालला होता!

इराप्पानं बुडाखालचं गोणपाट ओढून काढलं आणि दगडाच्या पायथ्याला, कोरलेलं नाव झाकेल असं टाकलं.

“जोतिरामाच्या बायकोला बोलावलंय. येईल एवढ्यात.”

रेणुका आली. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. दगडापुढं उभी राहिली, पदर सारखा केला, दोन पावलं मागं सरून पुन्हा बघितलं.

“लई चांगला झालाय,” ती म्हणाली.

मग तिनं मांडवभर नजर फिरवली.

“आमच्या ह्यांचा कुठाय?”

विश्वजितचे कान तापले.

“वहिनी... हाच.”

“व्हय?” तिनं तोंडावर हात धरला. “मिशीमुळं कळलं न्हाई बघा. ह्यास्नी मिशी न्हवती. थोरलीला टोचायची, ती रडायची, तवापास्नं काढलेली.” त्याचा पडलेला चेहरा बघून तीच घाईघाईनं म्हणाली, “पण ऱ्हाऊ दे हो भावजी. एवढी मोठी माणसं येणार. त्यास्नी आवडलं म्हंजे झालं.”

“त्यांचं मरू दे,” इराप्पा म्हणाला. “पोरी, जोतिराम रजेवर आला की पहिलं काय करायचा?”

“बूट भाइरच काढायचं. हातपाय धुवायचं. आन् पोरींच्या वेण्या घालाय बसायचं.”

“वेण्या?” विश्वजितच्या तोंडून निघून गेलं.

“तंबूची दोरी आवळावी तशा आवळायचं! दोघी कोकलायच्या. मी म्हणायची, अवो, केसं हाईत ती, तंबू न्हवं. तर म्हणायचं, मी परत येईस्तोवर सुटाय नकोत.”

ती हसली. हसता हसता पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिली.

“ह्या खेपेला घातलेल्या सोडूच देईनात. तेरावं झालं तरी दोघी न्हायल्या न्हाईत...”

पिशवी सावरून ती निघून गेली.

विश्वजितनं छिन्नी घेतली. दुपारभर तो ठोकत राहिला. आधी मिशी गेली. बंदुकीच्या दस्त्याचं फावड्याचं पातं झालं. बुटाखालच्या दोन माणसांच्या, हात, पाय, डोकी उडवता उडवता, दरडीतल्या दोन शिळा झाल्या. समितीचा फोन तीनदा वाजला. त्यानं उचलला नाही.

मग तो थांबला.

“आप्पा, वरची चौकट कोरी राहिलीय. तिथं काय घेऊ?”

“वेण्या घालणारा बाप.”

“वीरगळीवर?” विश्वजितनं छिन्नी खाली ठेवली. “खाली फावडं केलं, ते पटलं मला. पण वरच्या चौकटीत मन मानेल ते चालत नाही, आप्पा. तिथं वीर स्वर्गात पोचलेला दाखवतात. शेकडो वर्षांची रीत आहे. तुम्हीच शिकवलीत.”

इराप्पानं कोऱ्या चौकटीवरची भुकटी तळहातानं पुसली. फुंकर घातली. पुन्हा पुसली.

“मग मी दुसरं काय सांगतोय?”