न टाकलेली कात

एका राज्यात घर बांधताना जोत्यात वीतभर भोक सोडायची रीत होती. पाया भरला की गवंडी हात धुऊन विचारी, "पाहुण्याचे दार कुठे ठेवू?" आणि घरधनी कणगीच्या बाजूला बोट दाखवी. पाहुणा म्हणजे धामण. तिने त्या दाराने यावे, धान्याखालचे उंदीर खावेत आणि आल्या वाटेने जावे. तिला कुणी पूजत नसे, कुणी मारतही नसे. नाते शेजारणीचे होते. रोज बोलणे नाही, पण चार दिवस दिसली नाही तर चुकल्यासारखे वाटे.

त्या राज्याचा राजा उदयभान. राणी बाळंतपणात गेली, मागे एक मुलगी राहिली, शेवंती. ती नऊ वर्षांची झाली. राजवाड्याच्या धान्यकोठारात पुरुषभर लांबीची एक जुनी धामण होती, तिला शेवंती मावशी म्हणे. कोठाराच्या पायरीवर बसून दिवसभराची गाऱ्हाणी ती या मावशीला सांगे. सापाला बाहेरचे कान नसतात, हे शेवंतीला ठाऊक होते. पण ऐकल्याचे सोंग न करणारी राजवाड्यात तेवढी एकटीच होती, म्हणून पोरीचा तिच्यावर जीव.

त्या वर्षी राजाची लाडकी गाय आटली. गाय म्हातारी झाली होती, दुसरे काही नव्हते. पण राजाची गाय म्हातारी झाली असे सांगायला गोंदा गवळ्याची जीभ रेटेना. त्याने सांगितले की, कोठारातली धामण गाईच्या पायांना वेढा घालते आणि आचळाला तोंड लावते. राजा हसला. खोटी गोष्ट हसण्यावारी नेली तरी कानातून जात नाही, तिथेच कुठेतरी मुक्काम करते.

आठव्या दिवशी सकाळी राजा मुलीला उठवायला निघाला. सोबत राजमांत्रिक कालभट होता. पाहतात तो शेवंतीच्या दालनाच्या उंबरठ्यावर धामण. अंगाची झळाळी गेलेली, राख फासल्यासारखी कातडी, आणि दोन्ही डोळे दुधाने भरल्यासारखे पांढरे. पायांची चाहूल लागताच एरवी ती सरसर निघून जाई. त्या दिवशी गेली नाही. तिने फुत्कार टाकला आणि पुन्हा जबडा दगडावर घासू लागली.

कालभट म्हणाला, "महाराज, प्रत्यक्ष पाहावे. इतके दूध प्याली की डोळ्यांत उतरले."

आत मुलगी झोपलेली होती. राजाने दाराचा अडसर उचलला. धामण पाठमोरी होती. एकाच घावात मेली.

मारणाऱ्याची छबी सापाच्या डोळ्यांत राहते आणि त्याचे गणगोत डूख धरते, असे कालभटाने सांगितले. म्हणून तिला डोळ्यांसकट जाळले आणि राख नदीत सोडली. मग दवंडी पिटली की, घरोघरची पाहुण्यांची दारे चुनेगच्चीने बुजवावीत आणि आत सापडेल ती धामण मारावी. शेवंती उठली तेव्हा राजाने सांगितले, "मावशी रानात गेली." उदयभान वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाची गोष्ट सांगण्यात मला गोडी नाही. तो काय करणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

अमावास्या आली. त्या दिवशी शेवंतीच्या अंगाची झळाळी गेली. कपाळापासून नखांपर्यंत कातडी राखेच्या रंगाची झाली, पायांपासून कमरेपर्यंत आवळली, आणि दोन्ही डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला. तिला दिसेना. वैद्यांनी लेप लावले, उतारे दिले, गुण आला नाही. कालभटाला बोलावणे धाडले तर तो तीर्थयात्रेला निघून गेला होता.

तेव्हा खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला आणि बोलू लागला.

"राजा, मी सापाची पिल्ले खातो. जो खातो त्याला माहिती ठेवावी लागते. माझे ऐक. कात टाकण्याआधी सापाच्या डोळ्यांवर असाच पडदा येतो. त्याला दिसत नाही, म्हणून तो भितो, भितो म्हणून चिडतो. अंग घासायला खरखरीत जागा शोधतो. तुझ्या वाड्यात सगळे दगड घोटून गुळगुळीत केलेले. खडबडीत तो एक उंबरठाच होता. तिथे ती आली."

राजा खाली बसला.

"तू तिला कात टाकू दिली नाहीस," भारद्वाज म्हणाला. "राहिलेली कात वाया जात नाही. मारणाऱ्याच्या सर्वांत लाडक्या जिवावर ती चढते. पुढच्या अमावास्येला छातीपर्यंत येईल. तिसऱ्या अमावास्येच्या सूर्यास्ताला गळा आवळेल."

राजाने उपाय विचारला. पक्ष्याने तीन कामे सांगितली. त्या धामणीच्या अंड्यातून निघालेली एक धामण बांबूच्या बनात राहते, तिची क्षमा मागावी. जेवढी दारे बुजवली तेवढी स्वतःच्या हातांनी उघडावीत. तिसरे काम वेळ आली की राजाचे राजालाच कळेल, आणि नाही कळले तर सांगून उपयोग नाही.

राजा चांदीच्या वाटीत दूध घेऊन बांबूच्या बनात गेला. वाटेत वारुळाजवळ नागाने फणा काढला. पळू नकोस, हात हलवू नकोस, सापाला हलते तेच आधी दिसते, असे भारद्वाजाने बजावले होते. राजा खांबासारखा उभा राहिला. वाऱ्याने उपरण्याचे टोक हलले की फणा तिकडे वळे, टोक थांबले की फणा थांबे. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग नागाने फणा मिटला आणि तो गवतात निघून गेला. आपण भ्यालो त्याहून तो अधिक भ्याला होता, हे राजाने पाहिले. उंबरठ्यावर मी एवढाच वेळ उभा राहिलो असतो तर, असे त्याच्या मनात आले.

बनात वाळल्या पानांवर एक तरुण धामण ऊन खात पडली होती. राजाने हात जोडले, आपण कोण, काय केले, ते सांगितले आणि वाटी पुढे केली.

"हे काय?" धामणीने विचारले.

"दूध."

"ते वासराचे असते ना? मला पाणी पुरते."

राजाने वाटी मागे घेतली. तो म्हणाला, "मी तुझ्या आईला मारले. मला क्षमा कर."

"मी पाचोळ्यात अंड्यातून निघाले, तेव्हा तिथे कुणी नव्हते. तिला मी पाहिले नाही. क्षमा म्हणजे काय?"

"तुझ्या मनात माझ्याविषयी डूख असेल, तो सोडणे."

धामणीने बराच वेळ जीभ आतबाहेर केली. मग म्हणाली, "माझ्याकडे तसले काही नाही. तू जिथे उभा आहेस तिथे माझे ऊन अडते. थोडा सरक."

राजा सरकला. डुखाच्या भयाने ज्याने अख्ख्या राज्यातल्या धामणी मारवल्या, त्याला डूख सापडला नाही आणि सोडवून घ्यायला क्षमाही सापडली नाही. शिक्षा झाली असती तर बरे वाटले असते, असे वाटून तो घरी आला. पहिले काम झाले होते.

मग त्याने छिन्नी आणि हातोडा घेतला. राज्य म्हणजे हे एकच नगर, सातशे घरे. चाकरांनी मदत करू पाहिली, राजाने करू दिली नाही. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, चौथ्या दिवशी फुटले, महिन्याने तळवे सुतारासारखे निबर झाले. दुसरी अमावास्या गेली. कातडीची पकड छातीवर आली, शेवंती धापा टाकू लागली. राजा पहाटे तिला भरवी आणि छिन्नी घेऊन बाहेर पडे.

घरोघर त्याने आपल्या दवंडीचे फळ पाहिले. कणग्या उंदरांनी पोखरल्या होत्या. उंदरांच्या मागावर रानातले विषारी साप आले होते, आणि कणगीची वाट बंद म्हणून ते दारातून, मोरीतून, लाकडांच्या ढिगातून शिरत होते. राजा दार उघडी आणि घरच्यांना सांगे की, सरपण भिंतीला लावून रचू नका, खरकटे अंगणात टाकू नका, अंधारात कंदिलाशिवाय पाऊल टाकू नका. लोक मान डोलावत. आमचीही चूक झाली, असे कुणी म्हणे. तुमची नाही, असे राजा म्हणे, आणि पुढच्या घरी जाई.

वेशीजवळ तानूबाई कुंभारणीचे घर होते. तिने राजाला बसायला पाट दिला नाही.

"आमच्या घरची मीच मारली, महाराज. चुलीपाशी निजली होती, पळालीसुद्धा नाही. तुमची आज्ञा होती. पंधरा दिवसांनी धनी गवऱ्या काढायला गेले. गवऱ्यांत घोणस होती. सांज व्हायच्या आत गेले."

राजाने गवऱ्यांच्या ढिगाकडे पाहिले.

"ती अजून त्याच ढिगात आहे," तानूबाई म्हणाली. "मारा तिला."

राजा उठला. तिच्याच ओट्यावरचे एक मोठे मडके घेऊन त्याने ते भिंतीच्या कडेला आडवे ठेवले, तोंड ढिगाकडे. पोरांना लांब उभे केले. मग लांब बांबूने एकेक गवरी दूर केली. घोणस कुकरच्या शिट्टीलाही लाजवील... छे, कुकर त्या काळी कुठला. लोहाराचा भाता सुटावा तशी ती फुसफुसली. राजा थांबला. ती शांत झाली की पुन्हा एक गवरी. शेवटी भिंतीला धरून ती अंधार शोधत निघाली आणि आपणहून मडक्यात गेली. सापाला उजेडापेक्षा बीळ बरे वाटते, एवढे कळले की बाकीचे काम तोच करतो. राजाने बांबूनेच मडके उभे केले आणि वर फळी सरकवून दगड ठेवला.

"जिवंत सोडणार?" तानूबाईने विचारले.

"तुझ्या धन्यावर तिचा राग नव्हता. हात अंगावर आला म्हणून चावली. दार मी बुजवले होते."

तानूबाईने पोरांना जवळ घेतले. मग म्हणाली, "मडके परत आणून द्या." राजाने घोणस लांब ओसाड माळावर सोडली, मडके धुऊन परत आणून दिले, आणि तिच्या घरचे दार उघडले. ते शेवटचे दार होते. दुसरे काम संपले, तेव्हा तिसऱ्या अमावास्येची दुपार झाली होती.

तो वाड्यात आला. कातडीची पकड शेवंतीच्या गळ्याशी आली होती. राजाने तिला मांडीवर घेतले आणि ओठांच्या कडेला बोटे लावून कात सोडवू पाहिली. सुटेना. सूर्य खाली उतरत होता. तिसरे काम काय, हे त्याला कळले. खरे तर ते त्याला पहिल्या दिवसापासून कळत होते.

तो म्हणाला, "बाळ, मावशी रानात गेली नाही. कालभटाने सांगितले म्हणून मी तिला मारले."

कातडी आणखी आवळली. शेवंतीचा श्वास अडखळला.

"तुझ्या जिवाची भीती वाटली, म्हणून मारले."

ती आणखी आवळली. राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आता फार बोलायला वेळ नव्हता.

"मी मारले. ती पाठमोरी होती. तुझ्याशी खोटे बोललो."

तेव्हा शेवंतीच्या ओठांच्या कडेला कात सुटली. राजाने ती बोटांत धरली. पूर्वीची मऊ बोटे असती तर घसरली असती, या निबर बोटांना ती धरता आली. कपाळावरून, गालांवरून, गळ्यावरून, मोजा काढावा तशी ती उलटी होत पायांच्या नखांपर्यंत उतरली. डोळ्यांवरचे पापुद्रे तिच्याबरोबर आले. भारद्वाज खिडकीतून उडून गेला.

राज्य ठिकाणावर आले, ते मी आत्ताच सांगून टाकतो. उंदीर हटले, कणग्या भरल्या, रानातल्या धामणी हळूहळू घरोघर आल्या. त्या दुसऱ्या होत्या, पण लोकांनी जागा दिली. कालभट परतला नाही आणि त्याची कुणी वाट पाहिली नाही. गोंद्याने म्हातारी गाय शेवटपर्यंत सांभाळली. तुमच्याही जोत्याशी कुणी आले तर दोन पावले मागे सरा आणि त्याला वाट द्या. राजाची गोष्ट मात्र त्या संध्याकाळीच संपली.

शेवंतीने डोळे उघडले आणि बापाकडे पाहिले. त्याचे केस पांढरे झाले होते.

"तिला दिसत नव्हते, हे तुम्हाला माहीत होते, आबासाहेब?"

"नाही."

"कुणाला विचारले होते?"

"नाही."

शेवंतीने पायाशी पडलेली कात उचलून पाहिली. मग म्हणाली, "मलाही दोन महिने दिसत नव्हते. मी भ्याले, चिडले, तुमच्या हातालासुद्धा एकदा चावले. तुम्ही मला मारले नाहीत."

ती त्याच्या मांडीवरून उतरली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाचा हात न धरता, एकटीच कोठाराकडे चालत गेली.