हन्नाबाईंची जागा

त्या उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे उपदेशक दयाळबाबा यांचा मुक्काम पिंपळदऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत होता. चर्चमागच्या खोलीत ते राहत आणि दुपारी आमच्या ओसरीवर भाकरी खात. माझ्या आईचा, हन्नाबाईंचा, शेवटचा दिवस असाच साधा गेला. तिने कुळथाचं पिठलं केलं, दयाळबाबांना आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं आणि मीठ कमी पडलं म्हणून स्वतःलाच बोल लावले.

तेवढ्यात मंडळीचे कारभारी शद्रकराव आले. "सलाम, बाबा," म्हणत टेकले आणि आईकडे वळले.

"काय वहिनी, दुसरी जागा सापडली का? की खडकावरच निजायचं?"

आमची दफनभूमी माळावरची. मऊ माती थोडी, बाकी काळा खडक. म्हणून वडील गेले तेव्हाच त्यांच्या शेजारची जागा आईसाठी राखली होती. मागच्या हिवाळ्यात ऊसतोडीला आलेल्या एका बाईचं तान्हं बाळ दगावलं. त्याला पुरायला गावात कुणी हातभर जमीन देईना. "बाप्तिस्मा नाही, तर जागा नाही," असं शद्रकरावांनीही बजावलं. ती बाई बाळाला पदराखाली धरून दफनभूमीच्या फाटकाशी बसून राहिली. आई तिच्याजवळ गेली. तिला पाणी पाजलं, बाळाला आपल्या हातांनी न्हाऊ घातलं आणि स्वतःची जागा देऊन टाकली. तेव्हापासून कारभाऱ्यांचे टोमणे सुरू होते.

आई हसली. "भाऊजी, मेल्यावर मला कुठं टोचणारंय? त्या लेकराची आई तर जिवंत होती!"

बाबा म्हणाले, "शद्रकराव, ज्या देवाने येशूच्या कबरीवरची धोंड लोटली, त्याला आपल्या माळाचा खडक जड नाही."

दुसऱ्या दिवशी आई झोपेतून उठली नाही.

वडिलांच्या कबरीच्या पायथ्याशी थोडी मोकळी जागा होती, पण सगळा खडक. तरण्या पोरांनी पहारी मारल्या. ठिणग्या उडाल्या, ढलपी काही निघेना. ऊन चढलं. आईची शवपेटी बाभळीखाली ठेवलेली.

"मी सांगत नव्हतो?" शद्रकराव म्हणाले. "आता न्या कुंपणाबाहेर, ओढ्याकडेला."

माझ्या आईला कुंपणाबाहेर!

बाबांनी वाद घातला नाही. ते त्या तापलेल्या खडकावर गुडघे टेकून बसले. "प्रभो, हिने तुझ्या लहानग्याला जागा दिली. आता तू हिला दे." मग उठून त्यांनी पहार शद्रकरावांच्याच हाती दिली. "घाला घाव."

कारभाऱ्यांनी नाखुशीनेच घाव घातला. आणि काय आश्चर्य! पहार हातभर आत गेली. खडक पापुद्र्यासारखा फुटला, आणि खाली ओलसर, तांबूस माती! भाजीच्या वाफ्यासारखी मऊ!

शद्रकरावांनी पहार टाकली. पागोटं काढून ते बाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी त्यांना खांद्याला धरून वळवलं. "माझ्या नको. तिकडे."

त्या मानी माणसाने बाभळीखाली जाऊन आईच्या पेटीवर माथा टेकला. "वहिनी, चुकलो मी." मग कुणालाही हात लावू न देता त्यांनी सगळी कबर एकट्याने खणली.

माझी पाळी आली तेव्हा मी मूठभर माती टाकली. आईपुढे जे कधीच ओठांवर आलं नव्हतं, ते सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने बोलले.

"आई, तुझ्या पोटी आले, हे माझं भाग्य."