मैदानाची डावी बाजू

फार पूर्वी, राजेलोक आपसातली भांडणं कधी कधी खेळाच्या मैदानावरही मिटवत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात लहानथोरांना विटीदांडूचं वेड होतं. राजधानीचा स्वतःचा संघ होता, आणि दर हिवाळ्यात राज्यातल्या पाठशाळांमधून एक नवा गडी निवडून त्या संघात घेत. हा गडी निवडायचं काम निळोबा नावाच्या एका म्हाताऱ्या पारख्याकडे होतं.

निळोबा स्वतः एके काळचा नावाजलेला झेल्या. झेल्या म्हणजे मैदानाच्या टोकाला उभा राहणारा गडी. टोलवलेली विटी भिरभिरत लांब जाते, ती जमिनीला लागायच्या आत त्याने पकडायची. निळोबाने हवेत झेप घेऊन पकडलेल्या विट्यांच्या गोष्टी अजून लोक सांगत.

त्या वर्षी राजधानीच्या संघाला झेल्याचीच गरज होती. मागच्या सामन्यात शेजारच्या राज्याने हरवलं होतं ते लांब मैदानात विटी पडली म्हणून. राणीसाहेबांनी निळोबाला बोलावून सांगितलं, "निळोबा, तुम्ही नाव सांगा. आम्ही दुसरं कुणाला विचारणार नाही."

"आज्ञा, राणीसाहेब," निळोबा म्हणाला. "पण ही माझी शेवटची निवड. आता फिरणं होत नाही."

शेवटची निवड म्हणून तो मुद्दाम आपल्या जुन्या पाठशाळेत गेला. पाठशाळा एका तळ्याकाठी होती. इतक्या वर्षांनी वेशीतून आत शिरताना त्याला वाटलं, आता कुणीतरी हाक मारेल, "निळ्या, चल लवकर, गडी वाटून घ्यायचेत!" मैदान तेच होतं. कडेच्या बोरी तशाच काटेरी, खालची माती तशीच तांबूस. खेळून आल्यावर सगळे मिळून तळ्यावर हातपाय धूत, आणि विटी झेलून लाल झालेले तळवे गार पाण्यात नुसते धरून ठेवत, ते त्याला आठवलं. त्या पाण्याचा गारवा क्षणभर हातांना जाणवलासुद्धा.

पाठशाळेचे मुख्य गुरुजी होते बाळंभट. ते निळोबाचे बालमित्र, त्याच्याच संघातून खेळलेले. त्यांनी निळोबाला मिठी मारली आणि शेंगा-गूळ पुढे ठेवला. दोघं बोरीच्या सावलीत बसले. समोर खेळ सुरू झाला.

पहिलाच मोठा टोला उजवीकडे गेला. तिथे भैरव नावाचा उंच मुलगा उभा होता. विटी पडणार, पडणार, असं वाटत असतानाच तो धावत आला, आडवा हवेत उडाला आणि एका हाताने विटी घेऊन धुळीत लोळला. मैदानाभोवती जमलेले गावकरी ओरडले. निळोबाचा स्वतःचाच हात नकळत वर जाऊ लागला आणि खांद्यात कळ आली.

"बाळ्या, पाहिलंस?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तेच धावणं. तीच उडी. अरे, हा तर मीच!"

बाळंभट शेंगा सोलत होते.

भैरवने आणखी दोनदा तशीच झेप घेतली. एक विटी निसटली, पण त्या निसटण्यालाही टाळ्या पडल्या. खेळ संपला तेव्हा निळोबा उठून उभा राहिला.

"ठरलं. हाच. मी जाईन, पण मैदानावर माझी उडी राहील."

"बरं," बाळंभट म्हणाले. "एक सांग. आज डाव्या बाजूला काय झालं?"

"डाव्या बाजूला?" निळोबा थबकला. "तिकडे कुठे काय झालं?"

"तिकडेही टोले गेले ना. ते कुणी घेतले?"

निळोबाला आठवेना. त्याने डोळे मिटून पाहिलं. उजवी बाजू लख्ख आठवत होती, धुळीसकट. डाव्या बाजूला कुणाचा चेहराच नव्हता.

"तू आज मैदान नाही पाहिलंस, निळ्या," बाळंभट हळूच म्हणाले. "तू तुझी वीस वर्षांची उमर पाहत होतास. मीही पाहिली तुझ्याबरोबर. छान वाटलं. पण राणीसाहेबांनी तुला त्यासाठी धाडलं नव्हतं."

निळोबाला राग आला. आयुष्यभर गडी पारखले, आणि आता बाळ्या मला शिकवणार? तो तडक तळ्याकडे निघून गेला. पण तिथे बसल्यावर डाव्या बाजूचा तो चेहरा त्याने पुन्हा आठवून पाहिला. आठवला नाहीच. मग राग उतरला आणि लाज वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी तो बोरीखाली बसलाच नाही. मैदानाच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथे म्हादू नावाचा एक बुटका, शांत मुलगा होता. दांडूचा आवाज झाला की म्हादू लगेच निघे. विटी वर चढत असतानाच तो तिच्या वाटेला लागलेला असे. ती खाली येई तेव्हा हा आधीच जाऊन उभा. दोन्ही हात पुढे, विटी तळव्यांत, आणि लगेच परतफेक. ना उडी, ना धूळ. लोकांना वाटे, सोपा झेल होता.

निळोबाने मग उजवीकडे पाहिलं. तसाच टोला तिकडे गेला. भैरव उभाच होता. विटी पार वर गेल्यावर तो निघाला, म्हणून त्याला जिवाच्या आकांताने धावावं लागलं, आणि म्हणून उडावं लागलं.

निळोबाला आता कळलं. भैरवची उडी आपल्यासारखी होती हे खरं. आणि उडावं का लागतं, तेही आपल्यासारखंच होतं.

संध्याकाळी त्याने निवड सांगितली. "म्हादू."

गावकरी चकित झाले. म्हादूला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भैरव तणतणत पुढे आला.

"काका, सगळं मैदान माझं नाव घेत होतं! माझ्यात काय कमी आहे?"

"ये, बस," निळोबा म्हणाला. त्याने उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. हात खांद्याच्या वर गेला नाही. "हे बघ. ऐन भरात होतो तेव्हा अशाच एका झेपेत हा खांदा गेला. पुन्हा कधी खेळलो नाही. लोक म्हणायचे, काय उडतो निळोबा! मला कुणी विचारलं नाही की बाबा, तू उशिरा का निघतोस. मलाही आत्ता कळलं, तुला पाहून."

भैरव खाली बसला. "म्हणजे मी वाईट खेळतो?"

"नाही रे. तुझ्याइतके पाय इथे कुणाचेच वेगवान नाहीत. त्यांच्या भरवशावर तू उशिरा निघतोस, म्हणून तर तुला आज नेत नाही. नेलं तर तिथेही लोक टाळ्या वाजवतील, आणि तू उडत राहशील. माझ्याच तर मनात होतं तुला न्यायचं. माझ्या हौसेसाठी."

भैरव रडला. निळोबाने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "तुझी तयारी असेल तर हा हिवाळा मी इथेच राहतो. टोला ऐकून निघायचं कसं, ते आपण दोघं शिकू. मलाही येत नव्हतं ते."

म्हादू राजधानीला गेला. वसंतात शेजारच्या राज्याशी सामना झाला, तेव्हा लांब मैदानात एकही विटी पडली नाही. राणीसाहेबांनी विचारलं, "जिंकून दिलं ते कुणी?" कुणालाच नीट सांगता येईना. निळोबा तिथे नव्हता. तो तळ्याकाठी बोरीखाली डोळे मिटून बसला होता, आणि भैरव मैदानाकडे पाठ करून टोल्याच्या नुसत्या आवाजावरून सांगत होता, "डावीकडे. लांब. हा जवळ पडेल."

पुढच्या हिवाळ्यात त्याच मैदानावर एक उंच टोला उजवीकडे गेला. लोक उडी बघायला उभे राहिले. पण भैरव केव्हाच तिथे पोचला होता. त्याने दोन्ही हात पुढे केले, विटी घेतली आणि परत फेकली. लोक हिरमुसून खाली बसले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "गेला बिचाऱ्याचा खेळ."

भैरवने लांबून बोरीखाली पाहिलं. निळोबा आणि बाळंभट, दोघंही म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पोट धरून हसत होते. मग भैरवलाही हसू फुटलं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यात आपल्याला आपलंच तरुणपण दिसतं, त्याच्यावर जीव जरूर लावावा, पण त्याला जोखताना आपल्या आठवणी बाजूला ठेवाव्यात, नाहीतर आपल्या चुकाही आपण त्याच्या गळ्यात हार म्हणून घालतो.