बिनकामाची आरास

रायभान राजाच्या पंगतीतून पाहुणे उठले, की थेट घोड्यावर बसायचे! गप्पा नाहीत, गोष्टी नाहीत, विड्यांची तबकं तशीच पडून. राजा दर दिवाळीला आरास वाढवायचा. झुंबरं टांगून झाली, जरीचे पडदे लावून झाले, एका साली तर चक्क मोर आणून बांधले. पाहुणे मोराकडे न बघता पसार!

"आरासच कमी पडतेय!" राजा दिवाणजींवर गरजला. "यंदा सोन्याची तोरणं बांधा!"

पलीकडे खरकटं काढणारी धुरपा फिसकन हसली.

"कोण हसलं ते?"

"मी, महाराज. तुमची भांडी घासते. सणाला सोनं कशाला लागतं? माझ्या खोपटात माणसं आली, की हलायचं नाव घेत नाहीत. हाकलावी लागतात!"

दिवाणजींनी कपाळाला हात लावला. राजा पडला हट्टी!

"असं? मग यंदाची आरास तूच कर. खजिन्यातली कवडी मिळायची नाही. आणि पाहुणे पोटभर जेवून गप्पा मारत बसले पाहिजेत. तसेच पळाले, तर तुझं खोपट मोडून तुला वेशीबाहेर काढीन!"

"वाड्यात बिनकामाचं पडलंय, ते तरी घेऊ?"

"खुशाल घे! वाटेल ते घे!"

"शब्द?"

"राजाचा शब्द!"

धुरपाने पदर खोचला. मुदपाकखान्यामागच्या करवंट्या घासूनपुसून त्यांच्या पणत्या केल्या. फुटक्या माठांना गेरू फासला, वर चुन्याचे ठिपके दिले आणि परसातला झेंडू त्यांत खोचला. राणीसाहेबांच्या विटक्या लुगड्यांचे काठ काढून खांबांना गुंडाळले.

राणीसाहेब बघतच राहिल्या. "अगंबाई, हे माझंच लुगडं? माझ्या अंगावर मेलं कधी इतकं खुललं नाही!"

दिवाळीच्या संध्याकाळी पंगत बसली. केळीची पानं, भोवती रांगोळी. राजा ऐटीत आला आणि थबकला.

"माझं पान कुठंय?"

"मांडलंच नाही, महाराज. बिनकामाचं सगळं गोळा केलं, एकच राहिलं होतं."

"काय?"

"तुमचे हात!" असं म्हणून तिने जिलब्यांचं ताट त्याच्या हातांत ठेवलं.

राजा लालबुंद झाला! पण शब्द दिलेला. करतो काय? शेला कमरेला बांधला आणि निघाला वाढायला.

पहिल्याच पानावर थोरले मामासाहेब. डोळ्यांनी अधू, जिभेने मात्र धडधाकट! "कोण रे वाढतोय? एकच जिलबी? राजाच्या तालमीत तूही चिक्कू झालास होय?"

पंगत गार! राजाने घाईने ताट पुढे केलं. "चार घ्या, मामासाहेब!"

"हां, आता कसा माणसासारखा बोललास!"

एक जण खुदकन हसला, मग दुसरा, मग सगळी पंगतच. "महाराज, इकडे मठ्ठा!" "अहो महाराज, आमच्या पानाकडेही बघा की!" राजाची नुसती धावपळ! थोड्या वेळाने त्यालाच चेव आला. "घ्याच! माझ्या गळ्याची शपथ!" म्हणत तो नको म्हणणाऱ्यांच्या पानांत जिलब्या टाकत सुटला. पाहुणे जेवले, ढेकर दिले, विडे चघळत लोडांना टेकले. कुणी हलेना!

राजा घामाघूम होऊन पायरीवरच बसला. "धुरपे, तुझं खोपट वाचलं. पण स्वयंपाकी तोच, जिलबीही तीच. मग जादू करवंट्यांची, का फुटक्या माठांची?"

"त्यांनी डोळे निवले, महाराज. पोटाचं कारण वेगळंच. तुम्ही जेवता भराभरा, आणि राजा उठला की पंगतीनं उठायचं, ही वाड्याची रीत. बिचारे उपाशी घरी पळायचे, अख्ख्या जिलब्या मी खरकट्यात टाकायची! आजवर तुमचं पोट भरलं की सगळ्यांचं जेवण संपायचं. आज तुमचं रिकामं राहिलं, म्हणून सगळ्यांची भरली!"

राजाने शेल्याने घाम पुसला. "अगं, मग इतक्या वर्षांत एकही जण बोलला कसा नाही?"

"बोलणार कसे? तोंडात घास असायचा. तो गिळेपर्यंत तुम्ही हात धुवायला!"

राजा असा खदखदून हसला, की पगडी घरंगळत मामासाहेबांच्या मांडीवर जाऊन पडली. त्याने मनगटातलं सोन्याचं कडं उतरवून पुढे केलं. "घे, धुरपे! तुझं बक्षीस!"

धुरपाने कड्याकडे बघून नाक मुरडलं.

"आधी धुऊन द्या, महाराज. मठ्ठ्यात बुडालंय!"