मालकांच्या खिशातली किल्ली

चाकणच्या एका कारखान्यात दोनच तऱ्हेच्या स्पोर्ट्‌स गाड्या बनत. दोन माणसांच्या छोट्या गाडीला कामगार चिमणी म्हणत आणि नव्या अवाढव्य गाडीला गेंडा. गेंडा धडाक्यात खपू लागला, तसं मालक रणदिवेसाहेबांनी बैठकीत फर्मान काढलं, "चिमणी बंद! सगळी माणसं गेंड्यावर लावा." लाइन सांभाळणारे खैरमोडे तेव्हा मान खाली घालून गप्प बसले.

आठ दिवसांनी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. प्रसाद घेता घेता मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "चिमणीसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकांना गेंडा देऊन टाका. समोर गेंडा असताना चिमणीला चिकटून बसणारा एक वेडा दाखवा, उद्याच लाइन चालू करतो!"

आता मात्र खैरमोड्यांना राहवलं नाही. हार घातलेल्या कोऱ्या गेंड्याकडे बोट करून ते म्हणाले, "साहेब, हा आजच घरी न्या. फक्त तुम्ही रोज ज्या चिमणीतून येता, तिची किल्ली मला द्या."

मालकांचा हात खिशात गेला आणि किल्लीभोवती घट्ट मिटला. कामगारांत खसखस पिकली. शेवटी मालकही ओशाळून हसले. "हरलो बुवा! आठवड्यातले दोन दिवस चिमणीचे."

टाळ्या पडल्या. खैरमोडे मात्र पूजेच्या पाटावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. तिथे दरवर्षी इस्माईलभाईंचे हातोडे असत. चिमणीच्या पत्र्याला गोलाई द्यावी ती त्यांनीच. काम बंद झालं म्हणून ते चार दिवसांपूर्वी हातोडे मोडीत घालून कायमचे गावी गेले होते.

"उत्तर फक्कड होतं, खैरमोडे!" मालक म्हणाले.

"होय साहेब," खैरमोडे म्हणाले, "पण आठ दिवस शिळं."